आरव्ही-६ चं नवं पॅनेल: आठ महिने आणि सत्तर तासांनंतर

जुलैत माझ्या छोट्या विमानातून ऑशकॉशला एअरव्हेंचरसाठी, म्हणजे विमानप्रेमींच्या वार्षिक मेळाव्यासाठी निघालो. रिपन गावावरून रेल्वेचे रूळ पकडले आणि फिस्क गावाच्या दिशेने वळलो, तेव्हा माझ्या कानात एक शिट्टी वाजत होती. थ्रॉटल पुढे केला की ती चढायची, मागे घेतला की उतरायची. ही वाट उडवलेल्यांना माहीत आहे की तिथे आपण बोलायचं नसतं, फक्त ऐकायचं. १८०० फूट, ९० नॉट, सगळे एका रांगेत. रेडिओच्या १२०.७ फ्रीक्वेन्सीवर खालचा कंट्रोलर आपल्या विमानाचा रंग आणि प्रकार पुकारतो आणि म्हणतो, पंख हलवा. तो मला दोनदा म्हणाला. पहिल्या वेळी मला पत्ताच लागला नाही. दुसऱ्या वेळी शेजारी बसलेल्या बायकोने गुडघ्यावर चापट मारली, "अरे, आपल्यालाच म्हणतोय तो!" मग मी पंख हलवले.

विमानाच्या नव्या पॅनेलवर, म्हणजे वैमानिकासमोरच्या उपकरणांच्या फळीवर, १९ हजार डॉलर खर्च केलेत, सहा महिन्यांचे शनिवार-रविवार घातलेत, आणि ऐन गर्दीत कंट्रोलरचा आवाज कानापर्यंत पोचत नाही. त्या दिवशी उतरल्यावर गवतात विमान बांधताना मी जे लिहिलं असतं, ते आज लिहीत नाही. मधल्या काळात माझं मत दोनदा बदललंय.

विमानाबद्दल थोडक्यात. आरव्ही-६ हे घरी बांधायचं दोन आसनी विमान, मागे सरकणारं पारदर्शक छत (स्लायडर कॅनपी), १६० हॉर्सपॉवरचं लायकमिंग ओ-३२०. एका निवृत्त टूल-अँड-डाय कारागिराने नव्वदच्या दशकात ते स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलं. मी दुसरा मालक. घरी बांधलेल्या विमानाबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की लोकांना कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात, आणि त्यांना नोंदणीसाठी किती वर्षं झगडावं लागलं तेही. इथे अमेरिकेत एक्स्पेरिमेंटल वर्गात पॅनेल बदलायला मला कुणाची मंजुरी घ्यावी लागली नाही. काम स्वतः केलं आणि लॉगबुकात नोंद केली. फक्त दरवर्षीच्या तपासणीवर (कंडिशन इन्स्पेक्शन) मला सही करता येत नाही. त्यासाठीचं रिपेअरमन सर्टिफिकेट मूळ बांधणाऱ्यालाच मिळतं, दुसऱ्या मालकाला परवानाधारक (ए-अँड-पी) मेकॅनिक गाठावा लागतो.

पॅनेल बदलायचं कारण एडीएस-बी, म्हणजे विमान कुठे आहे ते आपोआप प्रसारित करणारा संच. १ जानेवारी २०२० पासून तो नसेल तर शिकागोच्या ओ'हेअरभोवतीच्या ३० नॉटिकल मैलांच्या वर्तुळात शिरता येत नाही. मी दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये राहतो, त्यामुळे काही वर्षं दक्षिणेला जायचं झालं की वळसा घालून जात होतो. त्यात जुन्या उपकरणांमधले जायरो, म्हणजे फिरते भोवरे, चालवणारा व्हॅक्यूम पंप गेला. कोरड्या पंपाच्या आतली कार्बनची पाती कधी तुटतील याची काही सूचना मिळत नाही, आणि पंप गेला की विमान किती कललंय ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज हळूहळू एका बाजूला कलायला लागतं. माझं कललं तेव्हा सुदैवाने आकाश निरभ्र होतं. नवा पंप घेण्यापेक्षा ती सगळी व्यवस्थाच काढून टाकावी असं त्याच दिवशी ठरवलं.

स्क्रीन कुठला घ्यावा, गार्मिनचा जी३एक्स टच की डायनॉनचा स्कायव्ह्यू एचडीएक्स, यावर पुरेसं लिहून झालेलं आहे, मी भर घालत नाही. मी १०.६ इंची गार्मिन घेतला, कारण माझ्याच धावपट्टीवर दोघांकडे तो आहे आणि अडलं की चालत जाऊन विचारता येतं. शेजारी राखीव म्हणून स्वतःची बॅटरी असलेलं जी-५ हे छोटं उपकरण. जुना यांत्रिक स्पीड इंडिकेटर ठेवला, बाकी सगळी जुनी घड्याळं विकली. पंप, नळ्या आणि जायरो काढल्यावर, नवं सगळं धरूनही विमान ११ पौंडांनी हलकं भरलं. वजन आणि तोल नव्याने मोजावा लागलाच.

स्लायडरवाल्यांना एक सांगतो. तुमच्या पॅनेलच्या वरचा पत्रा रिव्हेट मारून पक्का केलेला असतो. मागचं काही करायचं तर सीटवर उलटं निजून डोकं रडर पेडलपाशी आणि पाय सीटच्या पाठीच्या वर, अशा अवस्थेत करावं लागतं. ज्यांची कॅनपी वर उचलली जाते त्या टिप-अपवाल्यांना ती उघडली की पॅनेलची पाठ वरून दिसते. पॅनेल विमानात जाण्याआधी बाहेर टेबलावर जेवढं करता येईल तेवढं करून घ्या. मी घाई केली आणि त्याची किंमत मानेने दिली.

आता शिट्टी. एप्रिलमध्ये पहिल्याच उड्डाणात ती होती. अल्टरनेटर बंद केला की जायची, चालू केला की यायची. ज्याला विचारावं तो म्हणायचा, अल्टरनेटर. मी ६० डॉलरचा फिल्टर लावला. थोडी कमी झाली, गेली नाही. रेग्युलेटर बदलला. काहीच फरक नाही. मग पॅनेल कापून देणाऱ्या दुकानावर राग निघाला. त्यांनी आधीच अकरा आठवडे लावले होते आणि फोनवर बोलायला कुणी तयार नसायचं. एअरव्हेंचरहून आल्यावर मी त्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं: तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे कापलं आहे. मी चिडून ड्रॉइंग बाजूला टाकलं.

ऑगस्टमध्ये सांगलीहून आई-बाबा आले. बाबांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून एकतीस वर्षं काढली आहेत. विमानात बसायला ते तयार नव्हते, पण हँगरमध्ये खुर्ची टाकून बसायला त्यांना आवडायचं. शिट्टीची सगळी कहाणी ऐकून घेतली आणि म्हणाले, "अल्टरनेटर बंद केला की आवाज जातो म्हणून अल्टरनेटर चोर, असं नसतं. तो आवाज करणारच. भिंतीला ओल आली तर पावसाला कशाला शिव्या द्यायच्या? पाणी शिरतंय कुठून ते बघ."

"म्हणजे काय बघू?"

"अर्थिंग. हेडफोनची पिन जिथे खुपसतोस, ती जागा बॉडीला लागलीय का?"

मी म्हटलं, "लागलेलीच असणार बाबा, पॅनेल ॲल्युमिनियमचं आहे."

"मग आधी कशी होती?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जुने काढलेले सुटे भाग मी एका खोक्यात ठेवले होते. बाबांनी तो खोका मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक वस्तू डोळ्यांजवळ धरून पाहायला सुरुवात केली. तळाशी हेडफोनच्या पिना खुपसायचे जुने चार जॅक निघाले. प्रत्येकावर दोन तपकिरी फायबरच्या वॉशर होत्या, एक सपाट आणि एक पायरीची. पायरीवाल्या वॉशरचा उंचवटा भोकात बसतो आणि जॅकचं धातूचं अंग पत्र्याला टेकू देत नाही. चार जॅक, आठ वॉशर. त्या म्हाताऱ्या कारागिराने तीस वर्षांपूर्वी त्या घातल्या होत्या. मी नवीन जॅक बसवताना त्या वॉशर म्हणजे नुसत्या पॅकिंगच्या, असं समजून धातूच्या लावल्या.

"वायर सोडव आधी," बाबा म्हणाले. रेडिओचा आवाज हेडफोनला देणाऱ्या ऑडिओ पॅनेलकडची जोडणी सोडवल्याशिवाय मीटर लावण्यात अर्थ नव्हता, ते दुसऱ्या टोकाला बॉडीला जोडलेलं असतंच. कनेक्टर सोडवला, मीटरची एक पिन जॅकला आणि एक पॅनेलच्या स्क्रूला लावली. बीप. दुसरा जॅक, बीप. चारही. बाबा काही बोलले नाहीत, फक्त मीटर माझ्या हातात दिला.

ज्यांना विजेचं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी: अल्टरनेटर, दिवे, पंप यांचा परतीचा करंट विमानाच्या पत्र्यातून वाहतो, आणि त्याची बारीक थरथर पत्र्यात सगळीकडे असते. हेडफोनचा परतीचा रस्ता मात्र फक्त त्याच्या जाळीचं आवरण असलेल्या (शिल्डेड) वायरमधून ऑडिओ पॅनेलकडे जायला हवा. जॅक पत्र्याला टेकला की त्याला दुसरा रस्ता मिळतो आणि पत्र्यातली थरथर कानात येते. म्हणून फिल्टर लावून ती नुसती कमी झाली.

वॉशरचा पुडा सहा डॉलरला मिळाला. पण बसेना. पायरीची वॉशर घालायची तर भोक अर्धा इंच हवं, माझी भोकं होती तीन-अष्टमांश. पुन्हा दुकानावर राग यायला लागला, तेव्हा ते ड्रॉइंग शोधून काढलं. त्यावर तीन-अष्टमांश असंच लिहिलं होतं, माझ्याच हाताने. त्यांनी मी सांगितलं तेच केलं होतं. अकरा आठवडे लावल्याची तक्रार कायम आहे, पण कापण्याची तक्रार मी मागे घेतो, आणि त्यांना तसं कळवलंही.

भोकं मोठी करायची म्हणजे ॲल्युमिनियमचा कीस पॅनेलच्या मागे पडणार, तोही नव्या कनेक्टरांवर. मी मागून जाड कापड चिकटवलं, स्टेप ड्रिल हातात घेतला आणि बाबांनी व्हॅक्यूम क्लीनरची नळी भोकाच्या तोंडाशी धरली. एक पायरी, थांब, कीस ओढून घे, पुन्हा एक पायरी. चार भोकांना पूर्ण दुपार गेली. मग आठ वॉशर, चार जॅक, पुन्हा मीटर. शांत. इंजिन चालू करून अल्टरनेटर टाकला, तेव्हा कानात फक्त पलीकडच्या धावपट्टीवरचा एक सेसनावाला बोलत होता. मी हेडफोन काढून बाबांच्या डोक्यावर चढवला. ते बराच वेळ ऐकत राहिले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण ऑक्टोबरमध्ये लक्षात आलं की शिट्टी गेल्यामुळे आता एक बारीक खरखर ऐकू येते, जी आधी तिच्याखाली झाकलेली होती. काही ठरावीक फ्रीक्वेन्सींवर स्क्वेल्च, म्हणजे कुणी बोलत नसताना रेडिओ गप्प ठेवणारा दरवाजा, आपोआप उघडायचा. या वेळी मी शहाण्यासारखा एकेक ब्रेकर ओढत गेलो. यूएसबी चार्जिंग सॉकेटचा ओढला आणि खरखर गेली. ऑनलाइन १२ डॉलरला घेतलेलं सॉकेट. त्याच्या आतलं स्विचिंग सर्किट नेमकं आपल्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कचरा ओकत होतं. विमानासाठी बनवलेलं सॉकेट याच्या दहापट महाग आहे म्हणून मी ते टाळलं होतं. आता तेच घेतलं. मनापासून सांगतो, स्क्रीनवर पैसे वाचवायचे असतील तर सात इंची घ्या, पण यूएसबी सॉकेट, वायर आणि वायरीवर पिना दाबून बसवायच्या (क्रिम्पिंगच्या) पकडीवर वाचवू नका. कनेक्टरच्या बारीक डी-सब पिनांसाठी चांगली पकड उसनी मिळाली तरी चालेल. माझ्या स्वस्तातल्या पकडीने दाबलेल्या पहिल्या वीसपैकी तीन पिना ओढल्यावर हातात आल्या.

स्क्रीनबद्दल आता काय सांगू? उन्हात व्यवस्थित दिसतो. हवा खवळलेली असेल तर कुठल्याही टचस्क्रीनवर बोट नेम धरत नाही, तेव्हा नॉब वापरा. हवामानाचं रडार आणि आसपासची विमानं एडीएस-बीवरून फुकट दिसतात, आणि त्याची सवय दोन उड्डाणांत लागते.

खरा आनंद मला स्क्रीनवरच्या इंजिनाच्या पानाने दिला. जुन्या पॅनेलमध्ये एकाच सिलिंडरचं तापमान दिसायचं आणि मी समजत होतो, सगळं ठीक आहे. नव्यात चारही दिसायला लागली आणि पहिल्याच चढाईत तिसरा सिलिंडर ४२५ फॅरनहाइटवर. लायकमिंगची कमाल मर्यादा ५०० आहे, पण ४०० च्या आत ठेवावं असं सगळे जुने उडवणारे सांगतात. या इंजिनात तिसऱ्या सिलिंडरच्या मागे हवा वळवणारा बॅफलचा पत्रा सिलिंडर गार ठेवणाऱ्या पात्यांना इतका चिकटून बसतो की हवेला खाली उतरायला जागाच राहत नाही. उपाय काय? पत्रा आणि सिलिंडर यांच्यामध्ये बोल्टवर एक वॉशर घालून थोडी फट ठेवायची. घातली. आता चढाईत ३९५ च्या वर जात नाही. किती वर्षं तो सिलिंडर असा तापत होता कोण जाणे, आणि मी तो सगळा काळ एकाच काट्याकडे बघत समाधानी होतो.

मूळ बांधणाऱ्याने स्विचांखाली डायमोच्या काळ्या पट्टीवर नावं छापून चिकटवली होती. नव्या पॅनेलवर नावं कोरून घेतली आहेत, पण इंधनाच्या व्हॉल्व्हपाशी त्याची पट्टी तशीच ठेवली आहे. ती काढायला हात धजावला नाही. तिची कड थोडी उचलली गेलीय, दर उड्डाणाआधी अंगठ्याने दाबतो.

बाबा नोव्हेंबरमध्ये परत गेले. जाण्याआधी जुन्या आठ फायबरच्या वॉशर त्यांनी एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि त्यात चिठ्ठी टाकली: "हेडफोनच्या. काढू नये." ती पिशवी मी पॅनेलच्या मागे, ऑडिओ पॅनेलच्या वायरींना बांधून ठेवली आहे.