जुनी मालवाहू बोट आणि अहवालातील दोन गहाळ पाने

इंग्लंडच्या कालव्यांवर एकेकाळी कोळसा वाहणारी जुनी बोट विकत घेताना माझी अडतीस हजार पौंडांच्या व्यवहारात फसवणूक झाली. ती कशी झाली हे मी तपशिलाने लिहीत आहे, कारण या बोटींच्या ओढीने माझ्यासारखी आणखी माणसे त्याच वाटेने जाणार, हे मला दिसते आहे.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला असून गेली एकवीस वर्षे कॉव्हेंट्रीत राहतो. आमच्या विहिरीवर किर्लोस्करचे डिझेल इंजिन होते आणि हँडल मारून ते सुरू करायला वडिलांनी मला दहाव्या वर्षी शिकवले होते. त्यामुळे ब्रॉन्स्टनला, जिथे ऑक्सफर्ड आणि ग्रँड युनियन हे दोन कालवे मिळतात तिथे, एक सत्तर फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद बोट संथ ठोके देत समोरून गेली, तेव्हा मी कामधाम विसरून काठावर उभा राहिलो. पुढची चार वर्षे मी या बोटींविषयी मिळेल ते वाचले. ग्रँड युनियन कॅनाल कॅरिइंग कंपनीने १९३०च्या दशकात मोठ्या संख्येने बोटी बांधून घेतल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा हारलँड अँड वुल्फच्या लंडनमधील वुलिच येथील कारखान्यात बांधल्या गेल्या. ‘टायटॅनिक’ बांधणारी ती हीच कंपनी. इंजिन असलेली ‘मोटर’ आणि तिच्यामागे ओढली जाणारी बिनइंजिनाची ‘बटी’ अशी जोडी मिळून सुमारे पन्नास टन माल नेत असे. १ जानेवारी १९४८ रोजी कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे गोठून पडले, त्यानंतर ही मालवाहतूक जवळजवळ संपलीच.

मला दाखवलेली बोट अशीच १९३६ सालची मोटर होती आणि तिच्यात ॲश्टन-अंडर-लाइनला बनलेले नॅशनल कंपनीचे दोन सिलिंडरचे इंजिन होते. विक्रेता साठीच्या पुढचा, मृदू बोलणारा गृहस्थ होता. त्याने केबिनमधल्या कोळशाच्या शेगडीवर चहा केला आणि एक जाडजूड फाइल माझ्या हातात दिली. १८७७च्या कायद्यानुसार कुटुंब राहत असलेल्या बोटींची स्थानिक नोंदणी करावी लागे, त्या नोंदीची नक्कल तिच्यात होती. मालाच्या वजनावर टोल आकारण्यासाठी बोट पाण्यात किती बुडते हे मोजून ठेवत, त्या मापांचा तक्ताही होता. मी सुट्टी काढून एल्समीर पोर्टच्या जलमार्ग संग्रहालयात गेलो आणि हे सगळे कागद पडताळले. प्रत्येक कागद अस्सल होता, आणि नेमका तिथेच मी गाफील झालो. ज्याने इतिहास एवढा खरा सांगितला, तो बोटीच्या पत्र्याविषयी खोटे बोलणार नाही, असे मी मनाशी धरून चाललो.

फाइलमध्ये बोटींची तपासणी करणाऱ्या सर्व्हेअरचा तीन वर्षांपूर्वीचा अहवाल होता आणि त्यात बाजूच्या पत्र्याची जाडी बहुतेक ठिकाणी ५.८ ते ६ मिलिमीटर दिली होती. विमा कंपन्या साधारणपणे ४ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात, त्यामुळे मी निश्चिंत झालो. मी स्वतः बोटीची तपासणी करून घ्यायची तर ड्राय डॉक, म्हणजे बोट कोरडी करून तपासण्याची गोदी, सहा आठवड्यांनी मिळणार होती, आणि दुसरा एक खरेदीदार शनिवारी पैसे घेऊन येणार असल्याचे विक्रेत्याने सांगितले. शिवाय बोटीकडे चालू सुरक्षा प्रमाणपत्र होते. त्याची मुदत चार वर्षांची असते, पण ते गॅस, वीज, इंधन आणि आगीचा धोका अशाच गोष्टी पाहते. तळ सडका आहे की शाबूत, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. हे मला त्या वेळी माहीत असायला हवे होते.

इंजिन पाहायला आम्ही दोघे नोव्हेंबरातल्या एका सकाळी गेलो. पहिल्याच फटक्यात ते सुरू झाले आणि मी हरखून गेलो. पत्नी मात्र दारातच थांबून म्हणाली, “अहो, बाहेर दवाने गवत पांढरे झाले आहे आणि इथे एवढी ऊब कशी?” तिच्या बोलण्याकडे मी लक्ष दिले नाही. आम्ही पोहोचण्याआधी तासभर इंजिन चालवून गरम केलेले होते, आणि सिलिंडरच्या ठोकळ्यावर हात ठेवला असता तर मला ते तिथेच कळले असते. फेरीसुद्धा वीस मिनिटांचीच मारली. ऑइल अगदी नवे, मधासारखे स्वच्छ होते, आणि त्याचाही मी चांगलाच अर्थ लावला.

ताबा घेतल्यानंतर तिसऱ्या दिवशी तीन तास बोट चालवून मी ऑइलची पट्टी बाहेर काढली, तर तिच्यावर ताकासारखा पांढरट थर होता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळत होते. ही इंजिने मुळात कालव्याचेच पाणी खेचून थंड राहत. थंडीत ते पाणी काढून टाकले नाही, तर गोठताना ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि बिडाचा ठोकळा तडकतो. मी पत्र्याच्या तुकड्याने हिरवा रंग खरवडला, तेव्हा पाण्याच्या पोकळीच्या खालच्या कडेला बोटभर रुंद राखाडी पुट्टीचा पट्टा निघाला. पुट्टी उकरली तेव्हा आत केसाएवढी, पण माझ्या वितीपेक्षा लांब भेग होती. ती आपोआप बुजलेली नव्हती. कोणीतरी बसून, घासून, वरून तीन हात रंग देऊन ती बुजवली होती.

खरा धक्का मार्चमध्ये बसला. कालव्याच्या परवान्यासाठी मी केवळ त्रयस्थ (थर्ड पार्टी) विमा घेतला होता. पूर्ण विमा मागितल्यावर कंपनीने बोट पाण्याबाहेर काढून तपासायला सांगितले. ड्राय डॉकमध्ये सर्व्हेअरबाई हातोडीने ठोकत निघाल्या. पाणपातळीच्या वर खणखणीत आवाज येत होता, खाली मात्र भद्द. त्यांनी मला विचारून एका ठिकाणी भोक पाडले आणि त्यातून जवळजवळ पाव तास गंजलेले तपकिरी पाणी गळत राहिले. मूळ रिव्हेटच्या पत्र्यावर खालच्या बाजूने नवा ६ मिलिमीटरचा पत्रा वेल्ड केलेला होता. अल्ट्रासोनिक यंत्र बाहेरच्या पत्र्यापुरतेच माप देते, मागे काय आहे ते त्याला दिसत नाही. मूळ पत्रा उघडा केल्यावर तो कुठे २.४, कुठे १.९ मिलिमीटर भरला, आणि दोन ठिकाणी नुसती भोकेच होती. दुहेरी पत्रा लावणे हा काही गुन्हा नव्हे. नीट कडा बंद करून आणि सांगून केलेले असे काम मी पाहिले आहे. पण त्याने दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो वजन वाढते, आणि कडेचे वेल्ड कच्चे असेल तर मध्ये साचलेले पाणी आतून ऐतिहासिक पत्रा खात राहते.

मी जुन्या अहवालावरील सर्व्हेअरला फोन केला. त्यांचा अहवाल विक्रेत्यासाठी होता, त्यामुळे तो मला पाठवण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “तुमच्याकडे किती पाने आहेत?” मी मोजली. नऊ होती. पान पाचनंतर थेट आठ होते. ते काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “अकरा होती.” दुहेरी पत्र्याचा स्पष्ट उल्लेख त्या मधल्या दोन पानांवरच होता.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूला २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याचे संरक्षण मिळते, खासगी विक्रेत्याकडून घेतल्यास ते मिळत नाही. मग आपल्याला खोटे सांगितले गेले, हे आपणच सिद्ध करावे लागते. माझ्या सुदैवाने “संपूर्ण अहवाल सोबत जोडला आहे” हा विक्रेत्याचा संदेश मी पुसला नव्हता. दुरुस्तीचा अंदाज सत्तावीस हजारांचा होता, म्हणजे दहा हजारांच्या मर्यादेतल्या लघुदाव्यात तो बसत नव्हता. वकिलाची दोन पत्रे गेल्यावर कोर्टाबाहेर मला चौदा हजार परत मिळाले. उरलेल्यासाठी लढण्याइतके पैसे माझ्याजवळ नव्हते.

बोट मी विकली नाही. नवे पत्रे शक्य तिथे रिव्हेटने बसवले आहेत, आणि इंजिनाची भेग धातूचे टाके घालून सांधली आहे. नोव्हेंबर लागला की रोज संध्याकाळी मी खालचा नळ उघडून ठोकळ्यातले पाणी पूर्ण काढतो आणि एका वहीत तारीख लिहून सही करतो. पत्र्याची सगळी मापे, दोन्ही अहवाल आणि भेगेचा फोटो त्याच वहीत लावला आहे, आणि प्रत्येक पानावर क्रमांक घातला आहे. माझ्यानंतर ही बोट जो घेईल, त्याच्या हातात ती वही पडेल.