तमिळ बिलांची डस्टर आणि अंबड लिंक रोडचं गॅरेज – माझा अनुभव

सेकंडहँड गाडी घेण्याआधी चेक करून देणारे नाशिकमध्ये आता बरेच झालेत, पण बहुतेक जण स्कॅनर लावतात, बॉनेटवर बोट वाजवतात आणि "गाडी एक नंबर आहे दादा" म्हणून पैसे घेतात. अंबड लिंक रोडला एक मल्टिब्रँड गॅरेज आहे, तिथे मी २०१४ ची रेनॉ डस्टर डिझेल, ८५ पीएसवाली, विकत घेण्याआधी दाखवायला नेली होती त्याबद्दल लिहितोय. फी १५०० रुपये.

गाडी टीएन पासिंग, म्हणजे तमिळनाडूची नोंदणी. मालक फौजी, देवळालीला आर्टिलरीत पोस्टिंग, आता परत बदली झाली म्हणून विकत होते. माणूस एकदम सरळ, फाईल नीट लावलेली. पण पहिली काही वर्षं सोडली तर सगळी कामं त्यांच्या गावाकडच्या गॅरेजात झालेली आणि बिलं हाताने तमिळमध्ये लिहिलेली. आता ती वाचून कोण दाखवणार तर स्वतः विकणारा 😄 फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करून बघितलं, छापील लेटरहेड ठीक आलं पण हाताने लिहिलेल्या ओळींचं जे काही आलं ते वाचून हसावं की रडावं कळेना. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन रेकॉर्ड काढता येतं पण त्यात बाहेरच्या गॅरेजचं काहीच येत नाही, त्यामुळे तो रस्ता अर्ध्यातच संपतो.

गॅरेजवाल्या काकांनी फाईल घेतली आणि अक्षरांकडे बघितलंच नाही. आधी फक्त आकडे एका कागदावर उतरवले, तारीख, किलोमीटर, रक्कम, कारण तमिळ बिलांतही आकडे इंग्रजीच असतात. किलोमीटर तारखेप्रमाणे वाढत जातायत का, मध्येच कमी झालेत का, ते आधी बघितलं. ते बरोबर होतं. २०२० मध्ये मोठी गॅप होती, पण लॉकडाऊनमध्ये गाडी उभीच होती आणि पुढच्या बिलात किलोमीटरही फारसे वाढलेले नव्हते, म्हणजे हिशोब जुळतो.

मग आला मेन मुद्दा. या इंजिनाला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) आहे, चेन नाही, आणि चालत्या गाडीत तो तुटला तर पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हला धडकतात आणि हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, काम निघतं, तो खर्च ऐकूनच गाडी विकावीशी वाटेल. काकांचं म्हणणं ८०-९० हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी येईल तेव्हा बदला. गाडी चाललेली ९६ हजार. मालक साहेब म्हणाले बेल्ट २०२१ ला बदललाय, हे बघा बिल. काकांच्या ओळखीचे एक रिटायर्ड तमिळ गृहस्थ कॅम्पात राहतात, त्यांना फोटो पाठवला, त्यांनीही सांगितलं की हो, बेल्टच लिहिलंय. आणि रक्कम? २,१५० रुपये. काका म्हणाले एवढ्यात टायमिंग किट (टायमिंग बेल्ट आणि त्याच्या पुल्या) येतच नाही, हा बाहेरचा बेल्ट आहे, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो तो. शिवाय या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच चालतो म्हणून शहाणा मेकॅनिक दोन्ही एकदम बदलतो, आणि पंप काढला की कूलंट भरावंच लागतं. बिलात ना पंप ना कूलंट. विषय संपला.

तरी नुसत्या बिलावर सोडलं नाही. वरचं प्लॅस्टिक कव्हर सैल करून टॉर्च मारला आणि मला बोलावून दाखवलं, बेल्टवरची छपाई पुसट झालेली, कडेला बारीक चिरा. साहेबांनाही दाखवलं. ते बिचारे खरंच समजत होते की तोच बेल्ट बदललाय. गावच्या मेकॅनिकने बेल्ट टाकला म्हटलं, यांनी मान हलवली, एवढंच झालं असणार.

काकांचा हात या इंजिनावर बसलेला आहे त्याचं कारण नाशिककरांना माहीत असेलच, महिंद्राच्या इथल्या प्लँटमध्ये २००७ पासून लोगन बनायची, नंतर तीच व्हेरिटो झाली, आणि तिच्या डिझेलमध्ये हेच दीड लिटरचं रेनॉचं इंजिन. त्यामुळे डस्टरला हात लावायला घाबरणारे मेकॅनिक बाकी शहरांत असतील, इथे जुन्या लोकांनी ते कितीदा तरी खोललंय.

आता नाराजी. लेखी रिपोर्ट देत नाहीत, सगळं तोंडी, मी स्वतः मोबाईलमध्ये टाईप करत उभा. पेंटची जाडी मोजायचं मीटर नाही, ठोकलेली गाडी फक्त नजरेने आणि बोल्टवरच्या पान्याच्या खुणांवरून ओळखतात. बसायला एक मोडकं स्टूल. आणि एनओसी (तमिळनाडू आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र), नाशिकचा एमएच १५ नंबर करून घेणं, टॅक्स, यातलं काही विचारू नका, ते आमचं काम नाही म्हणतात, त्यासाठी आरटीओचा एजंट वेगळा बघावा लागला.

पण १५०० रुपयांत मला टायमिंग किट, पंप आणि मजुरी मिळून तेरा-चौदा हजारांचा अंदाज हातात मिळाला आणि साहेबांनी तेवढे किमतीतून कमी केले, वाद न घालता. काम तिथेच करून घेतलं, जुना बेल्ट आणि पंप पिशवीत घालून दिला, आणि बिलावर किलोमीटरसकट टायमिंग किट असं स्पष्ट लिहून घेतलं.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी गरम करून आणू नका, काकांना थंड इंजिनाचा पहिला स्टार्ट स्वतः ऐकायचा असतो, गरम गाडी आणली तर दोन-तीन तास बाजूला लावून ठेवतात.