पात्राभोवतीची पांढरी किनार: पारदर्शक चित्रांसाठी गिंप, क्रिता, इंकस्केप की एका क्लिकचं 'रिमूव्ह बॅकग्राउंड'?

कागदावर शाईने काढलेलं पात्र स्कॅन केलं, पार्श्वभूमी काढली, पीएनजी (पारदर्शकता टिकवणारी चित्राची फाइल) केली आणि ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. फिकट पार्श्वभूमीवर सगळं झकास दिसतं. मागे रात्रीचं आकाश ठेवलं की पात्राभोवती पांढुरकी किनार उमटते, आणि तोवर हातपाय वेगळे कापून, सॉफ्टवेअरमधली हाडं (पात्र हलवणारा सांगाडा) जोडून झालेली असतात. कोणतं साधन निवडायचं याचा निकाल या किनारीवर लागतो. पार्श्वभूमी तर सगळेच काढून देतात.

किनार येते कुठून ते एका पिक्सेलवर पाहू. काळी रेघ जिथे संपते तिथला एखादा पिक्सेल अर्धा शाईत आणि अर्धा कागदावर असतो. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरून स्कॅनर त्याची किंमत साधारण १२८ नोंदवतो, म्हणजे मधला करडा. आता जादूच्या कांडीने, म्हणजे गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या 'फझी सिलेक्ट'ने, पांढरा भाग निवडून उडवला तर मूळच्या १५ च्या थ्रेशोल्डला (रंगात किती फरक चालेल त्या मर्यादेला) फक्त २४० ते २५५ पर्यंतचे पिक्सेल जातात. १२८ चा करडा पूर्ण अपारदर्शक राहतो, आणि गडद निळ्यावर तोच उजळ किनार म्हणून चमकतो. थ्रेशोल्ड वाढवून १३० केला तर तो पिक्सेलही उडतो, पण मग काठाला पायऱ्या पडतात. खरं उत्तर तिसरंच आहे. तो पिक्सेल करडा नाहीच, तो 'काळा, पण निम्मा पारदर्शक' आहे. हे उत्तर देणारी पद्धत चांगली, बाकीच्या तडजोडी.

शाईच्या चित्रासाठी: गिंप आणि मुखवटा

गिंप फुकट आहे, आणि कागदावरच्या रेघांसाठी त्याच्यासारखं दुसरं साधन पैसे मोजूनही मिळणं अवघड. स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) आणि ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत) करा. स्कॅनरचा 'ब्लॅक अँड व्हाइट' पर्याय टाळा, त्यात मधले करडे पिक्सेल फेकले जातात आणि काठ तिथेच फाटतो. गिंपमध्ये 'इमेज'च्या 'मोड'मधून आरजीबी करा. मग 'लेव्हल्स' उघडून पांढरा बिंदू २२५ च्या आसपास आणि काळा ५० च्या आसपास आणा, म्हणजे कागदाचा मळकटपणा जाईल आणि शाई भरीव होईल. आकडे कागदागणिक बदलतील, पण कागद पूर्ण २५५ ला पोचला पाहिजे, नाहीतर शेवटी चित्रभर धुक्यासारखा पडदा राहतो.

पुढची पायरी खरी महत्त्वाची. लेअरला (चित्राच्या थराला) अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेची नोंद, जोडा, मग 'ॲड लेअर मास्क'मध्ये (मास्क म्हणजे मुखवटा) 'ग्रेस्केल कॉपी ऑफ लेअर' निवडा आणि 'इन्व्हर्ट मास्क'वर खूण करा. आता मुखवट्यावर नाही, तर लेअरच्या छोट्या चित्रावर क्लिक करून तो पूर्ण काळ्याने भरा. झालं. रंग सगळीकडे काळा, आणि कुठे किती दिसायचं ते मुखवटा ठरवतो. आपला १२८ चा पिक्सेल आता निम्मा पारदर्शक काळा आहे. काळ्याऐवजी तपकिरी भरला तर रेघ तपकिरी होते. रंग मात्र खालच्या वेगळ्या लेअरवर भरायचे, रेघेच्या मध्यापर्यंत आत शिरतील असे.

याच कामासाठी बरेच जण 'कलर टू अल्फा' वापरतात. तीही काठ बरोबर सोडवते, पण रंगीत चित्राला हात लावते तेव्हा घोटाळा करते. ती प्रत्येक रंगातून पांढरा वजा करते. गालावरचा फिका गुलाबी घ्या, लाल २५५, हिरवा २००, निळा २००. त्याचा होतो २२ टक्के अपारदर्शक शुद्ध लाल. पांढऱ्यावर तो पूर्वीसारखाच दिसतो, पण मागून झाड सरकलं की गालातून झाड दिसतं. डोळ्यांतला पांढरा आणि दात तर पूर्ण भोकं होतात. ते वाचवायचे असतील तर मूळ लेअरची प्रत घेऊन बाहेरचा पांढरा तेवढा निवडा, निवड १ पिक्सेलने वाढवा, उलटवा, आणि आतला सगळा आकार खालच्या लेअरवर पांढऱ्याने भरा. पात्राला अस्तर लावल्यासारखं.

'कलर टू अल्फा' खरी शोभते ती वारलीसारख्या चित्राला. गेरूच्या जमिनीवर पांढऱ्या रेघा, रंग दोनच. गेरूचा रंग चित्रातूनच उचलून द्या, तो वजा होऊन पांढरी माणसं उरतात. पण गेरू हाताने सारवलेला असतो, कुठे गडद कुठे फिका, म्हणून डाग शिल्लक राहतात. गिंप २.१० पासून या खिडकीत दोन पट्ट्या आहेत. 'ट्रान्स्परन्सी थ्रेशोल्ड' थोडा वाढवला की डाग जातात, 'ओपॅसिटी थ्रेशोल्ड' थोडा कमी केला की विरलेली रेघ भरते. दोन्ही जास्त ओढल्या तर पुन्हा पायऱ्या.

क्रिता: पार्श्वभूमी काढायची वेळच येऊ न देणं

चित्र अजून काढायचंच असेल आणि हाताशी पेन टॅबलेट असेल, तर वरचा सगळा खटाटोप सोडा. क्रिता या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघेचा लेअर मुळातच पारदर्शक असतो. खालचा पांढरा 'बॅकग्राउंड' लेअर फक्त डोळ्याच्या सोयीसाठी, निर्यात करताना त्याच्यापुढचं डोळ्याचं चिन्ह बंद करायचं आणि पीएनजीच्या खिडकीत अल्फा चॅनल साठवण्याची खूण असल्याची खात्री करायची. या दोनपैकी एक राहून जातं आणि चित्र पांढऱ्या चौकोनासकट बाहेर पडतं, बहुतेक तक्रारींचं मूळ एवढंच असतं.

रंग भरताना बादलीच्या पर्यायांत 'ग्रो' १ किंवा २ पिक्सेल ठेवा. नाहीतर रेघ आणि रंग यांच्या मध्ये बारीक फट राहते, ती पांढऱ्या कॅनव्हासवर दिसत नाही आणि ॲनिमेशनमध्ये चमकते. क्रिता फुकट आहे. चौकटीमागून चौकट काढायची असेल तर त्यात स्वतःची टाइमलाइनही आहे.

फोटोशॉप, फोटोपी

फोटोशॉपचा फायदा दोन ठिकाणी खरा आहे. केस आणि लोकर असलेल्या फोटोंसाठी 'सिलेक्ट अँड मास्क'मधलं 'डीकंटॅमिनेट कलर्स' काठाच्या पिक्सेलमधला जुन्या पार्श्वभूमीचा रंग बदलतं, आणि 'मॅटिंग'मधलं 'डीफ्रिंज' १ पिक्सेलची किनार झटक्यात घालवतं. दरमहा पैसे मोजायचे नसतील तर फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं, पीएसडी (फोटोशॉपची थरांसकट फाइल) उघडतं आणि पीएसडीच साठवतं. मोहो किंवा आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये थरांसकट पात्र न्यायचं असेल तर पीएसडी लागतेच, त्या कामाला फोटोपी पुरतं. नुसत्या शाईच्या रेघांसाठी मात्र फोटोशॉपचं वर्षाचं शुल्क भरणं मला तरी पटत नाही.

इंकस्केप

सपाट रंग, ठसठशीत आकार, आणि कॅमेरा पात्राच्या डोळ्यापर्यंत जवळ जाणार असेल तर व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी गणिती रेघांनी बनलेलं चित्र. इंकस्केप या व्हेक्टर सॉफ्टवेअरच्या पानाला मुळात पार्श्वभूमीच नसते, पांढरं दिसतं ते फक्त पडद्यावर. 'ट्रेस बिटमॅप'ने स्कॅनमधल्या रेघाही व्हेक्टर होतात, पण कोरड्या ब्रशचा खरखरीतपणा जातो आणि शेकडो नोड (रेघेला आकार देणारे बिंदू) उगवतात. 'सिम्प्लिफाय' एकदाच करा, दुसऱ्यांदा केलं की नाकडोळे वितळायला लागतात. पीएनजी करताना डीपीआय मूळच्या ९६ वर सोडू नका, रुंदी पिक्सेलमध्ये टाका. सिनफिग हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर एसव्हीजी (व्हेक्टर फाइल) उघडतं, पण मास्क आणि फिल्टर जसेच्या तसे येतील असं धरून चालू नका.

एका क्लिकची साधनं

माणसाचा किंवा वस्तूचा फोटो असेल तर खुशाल वापरा. रेमबीजी हे मुक्त स्रोत साधन आपल्याच संगणकावर चालतं, चित्र कुठे पाठवावं लागत नाही. शाईच्या चित्राला ते का फसतं याचं कारण आकड्यांतच आहे. त्याचं मूळ मॉडेल, यू-स्क्वेअर-नेट, चित्र ३२० बाय ३२० पिक्सेलवर आणून मुखवटा ठरवतं आणि तो परत ताणतं. ए४ कागद ६०० डीपीआयला ४९६० बाय ७०१६ पिक्सेल होतो, म्हणजे मुखवट्याचा एक ठिपका मूळच्या सुमारे १५ बाय २२ पिक्सेलवर पसरतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पेनची रेघ याच स्कॅनमध्ये जेमतेम १२ पिक्सेल जाड असते. मिशा, बोटं, पदराचं टोक गायब होणारच. त्यातच मिळणारं 'आयएसनेट-ॲनिमे' मॉडेल १०२४ वर काम करतं आणि रंगवलेल्या पात्रांना बरं पडतं, तरी मोकळ्या रेघांना नाही.

आणखी एक सावधगिरी. नेटवरून उतरवलेल्या किंवा एआयकडून करून घेतलेल्या 'पारदर्शक' चित्रात करड्या-पांढऱ्या चौकड्या कधीकधी खरोखर रंगवलेल्या असतात. फाइल उघडून खाली लाल लेअर ठेवा. चौकड्या तशाच राहिल्या तर तो देखावा आहे.

फाइल कोणती आणि ती कशी वाचली जाते

जेपेगमध्ये पारदर्शकता नसते. जिफमध्ये असते, पण पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो नाहीतर पूर्ण गायब, म्हणजे आपला निम्मा पारदर्शक काळा तिथे बसतच नाही. वेबपी वेबसाइटसाठी उत्तम, ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळीकडे उघडेलच असं नाही. १९९६ पासून चालत आलेली पीएनजी अजूनही पहिली पसंती, दर पिक्सेलला पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या.

तरीही किनार आली तर दोष बहुधा वाचण्यात असतो. पीएनजीत रंग आणि अल्फा वेगवेगळे साठवतात, याला स्ट्रेट अल्फा म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत रंग आधीच अल्फाने गुणलेला असतो, प्रीमल्टिप्लाइड. पोर्टर आणि डफ या संगणक-चित्रणाच्या संशोधकांनी १९८४ साली हे गणित मांडलं आणि चित्रं एकमेकांवर रचण्याचं काम आजही त्यावरच चालतं. एका पद्धतीची फाइल दुसऱ्या पद्धतीने वाचली की काठ काळवंडतो किंवा उजळतो. ब्लेंडरमध्ये इमेजच्या 'अल्फा' पर्यायात 'स्ट्रेट' ठेवा. आफ्टर इफेक्ट्समध्ये 'इंटरप्रिट फुटेज'मध्ये जा आणि 'गेस'वर विसंबू नका. ओपनटूंझ या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लेव्हल सेटिंग्ज'मध्ये 'प्रीमल्टिप्लाय'ची खूण आहे, किनार दिसली की आधी ती लावून पाहा. तिथेच 'व्हाइट ॲज ट्रान्स्परंट'ही आहे, पण ते कच्च्या चाचणीपुरतंच. ओपनटूंझचंच काम करणार असाल आणि कागदी चौकटी शेकड्यांनी असतील, तर गिंपमध्ये एकेक सोडवत बसू नका. त्याचं 'क्लीनअप' नेमकं यासाठीच आहे आणि थेट पारदर्शक टीएलव्ही लेव्हल (ओपनटूंझची स्वतःची चौकटींची फाइल) करून देतं.

तुकडे करताना

कटआउट बाहुलीचे हातपाय वेगळे करताना दोन मतं असतात. सगळे तुकडे मूळच्या कॅनव्हासच्या मापात ठेवले तर जागा आपोआप जुळते. पण पीएनजी डिस्कवर कितीही लहान दिसली तरी मेमरीत उघडून बसते. ४९६० बाय ७०१६ चा एक तुकडा सुमारे १३९ एमबी, असे १२ झाले की दीड जीबीच्या वर, मग त्यात नुसता एक पंजा का असेना. आधी पूर्ण पात्र लहान करा. १९२० बाय १०८० च्या चित्रपटात पात्र १००० पिक्सेल उंच दिसणार असेल तर २००० ची उंची भरपूर झाली. मग समान कॅनव्हास परवडतो.

कोपर आणि गुडघ्याला तुकडा सरळ कापू नका. दंडाचं खालचं टोक आणि हाताचं वरचं टोक एकाच त्रिज्येची गोल करा, दोन्ही वर्तुळं एकमेकांवर पूर्ण बसू द्या आणि फिरण्याचा बिंदू त्यांच्या केंद्रात ठेवा. वरच्या तुकड्यावर सांध्याच्या आतली बाह्यरेघ पुसा, रंग तसाच ठेवा, नाहीतर कोपरात काळा कंस दिसतो. कापलेल्या कडेला फेदर (कडेचा मऊपणा) १ पिक्सेलपेक्षा जास्त नको. दोन मऊ कडा एकमेकांवर आल्या की मधून मागचं झिरपतं.

फाइलींची नावं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न ठेवता द्या. चौकटींची मालिका असेल तर ओपनटूंझला नाव, टिंब आणि चार आकडे ही रचना रुचते, ०००१ पासून. आणि तयार ॲनिमेशन पुढे दुसऱ्या कुणाच्या चित्रावर बसवायचं असेल तर नेहमीची एमपी४ देऊ नका, नेहमीच्या एच.२६४ व्हिडिओत अल्फा टिकत नाही. पीएनजीची मालिका द्या, नाहीतर अल्फा साठवणारा प्रोरेस ४४४४ व्हिडिओ. ब्लेंडरमधून काढत असाल तर 'फिल्म'मधलं 'ट्रान्स्परंट' आणि आउटपुटमध्ये आरजीबीए (रंग आणि अल्फा), दोन्ही चालू हवेत.