वरखाली घर: आधी जिना ठरवा, मग खोल्या

कांदिवलीचं चारकोप किंवा बोरिवलीची गोराई ज्यांनी आतून पाहिली आहे, त्यांना हे माप तोंडपाठ असेल. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने तिथे छोटे छोटे भूखंड दिले, २५-३०-४० चौरस मीटरचे. लोकांनी आधी खालचं घर बांधलं आणि पोरं मोठी झाली तसा वर मजला चढवला. मी वाढलो ते घर याच मापाचं. आतून १२ फूट रुंद, २५ फूट लांब. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या, त्यामुळे उजेड-वारा फक्त पुढून आणि मागून.

अशा घराचा नकाशा काढायला बसलं की हॉल केवढा, बेडरूम किती, इथून सुरुवात होते आणि जिना उरल्यासुरल्या जागेत ढकलला जातो. पण जिना जागा दोनदा खातो. खाली पायऱ्यांची जागा जाते आणि वर स्लॅबमध्ये सोडलेल्या भोकाची. शिवाय तो वर जिथे निघतो तिथून प्रत्येक खोलीकडे जायला वाट ठेवावी लागते. जिना कोपऱ्यात निघाला, तर वरची एक खोली नुसती येण्याजाण्याची होऊन बसते.

आता हिशोब मांडू. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत ९ फूट ४ इंच, म्हणजे ११२ इंच धरा. ७ इंच उंचीच्या १६ चढण्या होतात. पाय टेकायला १० इंच. राष्ट्रीय इमारत संहिता घरगुती जिन्याला पायरी किमान २५० मिलिमीटर रुंद आणि जास्तीत जास्त १९० मिलिमीटर उंच असावी असं सांगते, त्यात हे बसतं. दोन मजली रो-हाऊसला जिन्याची रुंदी ७५ सेंटिमीटरपर्यंत चालते. आपण अडीच फूट घेऊ.

सरळ, दुवळणी की गोल?

सरळ जिना लांब भिंतीला चिकटून जातो. सोळावं पाऊल वरच्या फरशीवरच पडतं, म्हणून पायऱ्या पंधरा, लांबी साडेबारा फूट, जागा साधारण ३१ चौरस फूट. दारातून आत आल्यावर तीन फूट सोडून चढायला लागलात, तर वर घराच्या जवळजवळ मध्यावर निघता. पुढे एक खोली, मागे एक. तोटा एवढाच की खालचा हॉल बारा फुटांऐवजी साडेनऊ फुटांचा वाटतो.

दुवळणी जिना, म्हणजे अर्ध्यावर टप्पा घेऊन उलटा फिरणारा, आडवा मध्यात बसतो. ८ फूट ४ इंच बाय सव्वापाच फूट, जवळपास ४४ चौरस फूट. शेजारून ३ फूट ८ इंचांची वाट उरते. तिघांत सगळ्यात जास्त जागा हाच खातो, तरी पुष्कळ मिस्त्री तोच सुचवतात, आणि त्यात तथ्य आहे. घराचे पुढचा हॉल आणि मागचं स्वयंपाकघर असे आपोआप दोन भाग पडतात, पार्टिशनचा खर्च वाचतो आणि वर पॅसेज लागत नाही. पण सिमेंटचा भरीव केलात तर मधलं घर भर दुपारी काळोखं. बाजूच्या भिंतींना खिडकी नाही हे विसरू नका.

गोल जिना पाच फूट व्यासाचा, २५ चौरस फुटांत काम खलास. कागदावर तो जिंकतो. आमच्याकडे तोच होता.

पहिली अडचण लग्नानंतर कळली. बायकोचं लोखंडी कपाट आलं, साडेसहा फुटी. ते गोल जिन्यातून वर जाणं शक्यच नव्हतं. मग पुढच्या गॅलरीची जाळी ग्राइंडरने कापली, वर चौघे, खाली दोघे, कपाटाला गोधडी गुंडाळून दोर बांधले आणि अख्ख्या गल्लीच्या सल्ल्याने ते वर ओढलं. जाळी परत वेल्ड करायचे पैसे वेगळे. त्यानंतर गादी, फ्रिज, पलंगाची फळी, दर वेळी तीच जत्रा. दुसरी अडचण आईच्या गुडघ्यांची. गोल जिन्यात पायरी मधल्या खांबाकडे निमुळती होत जाते, पूर्ण पाऊल फक्त बाहेरच्या कडेला मावतं. चढताना काही वाटत नाही. हातात ओल्या कपड्यांची बादली घेऊन उतरताना समजतं. सात वर्षांनी तो काढून आम्ही सरळ जिना केला. जुनं भोक बुजवा, नवं कापा, त्यासाठी इंजिनिअर आणा, हे सगळं आधी केलं असतं तर निम्म्यात झालं असतं.

त्यामुळे माझं मत उघड आहे. वर फक्त अभ्यासाची किंवा पाहुण्यांची खोली असेल, तर गोल जिना घ्या, पण पाच फुटांहून लहान नको. वर रोज झोपायचं असेल तर सरळ, आणि तोही लोखंडी, वर लाकडी फळ्या टाकून, पायऱ्यांमधली उभी बाजू मोकळी ठेवून. त्यातून उजेड आरपार येतो. डोक्यावर स्लॅबमध्ये काचेचा झरोका उघडझाप होणारा केलात, तर तापलेली हवाही तिथूनच निघून जाते. घरात रांगतं पोर असेल तर मोकळ्या फटींना तेवढी वर्षं जाळी मारा.

जुन्या वाड्यांतला दादर, म्हणजे उभा लाकडी जिना, आठवून काही जण म्हणतात, तसा का नको? दोर धरून चढायचं, वरून फळीचं दार टाकलं की माडी बंद. जागा वाचते खरी. माळ्यावर सामान ठेवायला करा, माणसांना नको.

सरळ जिन्याची एक युक्ती मिस्त्री आपणहून सांगत नाहीत. पहिल्या तीन पायऱ्यांच्या वर स्लॅब कापावाच लागत नाही, डोक्याला पावणेसात फुटांहून जास्त जागा मिळते. पुढच्या तीन पायऱ्यांवर वरच्या खोलीत दोन फूट उंच पेटी बांधली, तर तिच्यावर गादी टाकता येते. साडेबारा फुटांचं भोक साडेसात फुटांवर आलं.

जिन्याखाली उंच टोकाला फ्रिज आणि डब्यांची मांडणी, बुटक्या टोकाला चपला. तिथे संडास करायचा असेल तर अडीच फूट पुरत नाहीत, भिंत अर्धा फूट पुढे घ्यावी लागते. देवघर सुचवून पाहिलं होतं, आईने वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

स्वयंपाकघर खाली की वर?

वर केलं तर खालचा मजला एकसंध मोकळा मिळतो, फोडणीचा धूर गच्चीकडे जातो. इथवर छान. पण १४.२ किलो गॅसचा भरलेला सिलिंडर टाकीसकट तीसेक किलोचा, तो महिन्याला कोण चढवणार? आणि एप्रिल-मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली पोळ्या लाटणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका.

पाण्याचंही आहे. गच्चीवरच्या टाकीचा तळ वरच्या नळापासून चार-पाच फूट उंच असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याने चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब येतो, तर पाच फुटांनी येतो दीडशे ग्रॅम. खालच्या नळाला धार, वरच्या शॉवरला शिंतोडे. टाकी चौथऱ्यावर चढवा किंवा छोटा पंप बसवा.

खाली स्वयंपाकघर केलंत तर ते मागच्या भिंतीला घ्या, त्याच्या बाजूला न्हाणी-संडास आणि वरचा संडास बरोबर खालच्या संडासाच्या डोक्यावर. सांडपाण्याचा पाइप एकाच जागी उतरतो. वरचं कमोड भिंतीतून पाइप बाहेर काढता येईल असं घेतलं, तर स्लॅब फूटभर खाली सोडावा लागत नाही आणि खालच्या न्हाणीची उंची वाचते. सिलिंडर बंद कपाटात ठेवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून कपाटात ठेवायचाच तर त्याच्या दाराला तळाशी जाळी हवीच. आमचा मागच्या दाराजवळ असतो, ट्रॉलीवर, उघडा.