एसक्यूएलअल्केमीचे ॲट्रिब्यूट इव्हेंट : नेमके, पण समजून वापरण्याचे साधन

मॉडेलच्या एखाद्या ॲट्रिब्यूटचे मूल्य बदलताच त्याची दखल घेण्याची सोय अनेक ओआरएममध्ये (डेटाबेसमधील नोंदी प्रोग्राममध्ये ऑब्जेक्ट म्हणून वापरू देणाऱ्या साधनांमध्ये) कमी-अधिक प्रमाणात असते. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये मात्र जुने मूल्य आयते मिळत नाही. ते स्वतः जपून ठेवावे लागते किंवा प्री-सेव्ह सिग्नलमध्ये तीच नोंद डेटाबेसमधून पुन्हा आणावी लागते. त्या तुलनेत पायथनच्याच एसक्यूएलअल्केमी या ओआरएमने हे काम फार विचारपूर्वक केले आहे, असे माझे मत आहे.

यातला ‘सेट’ इव्हेंट ॲट्रिब्यूटला मूल्य दिले त्याच क्षणी, म्हणजे फ्लशच्या (बदल डेटाबेसकडे पाठवण्याच्या) कितीतरी आधी, चालतो आणि त्यात ऑब्जेक्ट, नवे मूल्य व जुने मूल्य हाती येते. ईमेलचा पत्ता लहान (लोअरकेस) अक्षरांत करून घेणे किंवा ऑर्डरची स्थिती ‘रद्द’वरून पुन्हा ‘पाठवली’ होऊ न देणे, अशा कामांना ही जागा अगदी योग्य आहे. पत्ता बदलूनच साठवायचा असेल तर लिसनर (इव्हेंट घडताच चालणारे फंक्शन) जोडताना ‘रेटव्हॅल’ चालू करावे लागते, नाहीतर फंक्शनने परत केलेल्या मूल्याकडे लक्षच दिले जात नाही. ‘व्हॅलिडेट्स’ डेकोरेटर याहून सुटसुटीत आहे, पण त्यात जुने मूल्य मिळत नाही आणि मूल्य परत करायचे राहिले तर ॲट्रिब्यूट मुकाट्याने ‘नन’ (रिकामा) होऊन बसतो.

खरी मेख जुन्या मूल्यात आहे. कमिटनंतर, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये कायम झाल्यावर, सेशन (ऑब्जेक्ट आणि डेटाबेस यांमधला व्यवहार सांभाळणारा भाग) ऑब्जेक्टमधील मूल्ये कालबाह्य ठरवते. अशा न वाचलेल्या ॲट्रिब्यूटवर थेट नवे मूल्य ठेवले, तर जुन्याच्या जागी ‘नो व्हॅल्यू’ ही खूण येते, आणि स्थिती कशावरून कशावर गेली हे तपासणारा कोड तिथेच फसतो. ‘ॲक्टिव्ह हिस्टरी’ चालू केल्यास जुने मूल्य आधी वाचले जाते. त्यासाठी जास्तीची क्वेरी पडते, पण ऑर्डरच्या स्थितीसारख्या ॲट्रिब्यूटसाठी ती पडू द्यावी.

ग्राहकाला मेल पाठवण्यासारखे काम मात्र ‘सेट’मध्ये कधीही ठेवू नये, कारण व्यवहार रोलबॅक झाला, म्हणजे मागे घेतला गेला, तरी गेलेला मेल परत येत नाही. ‘आफ्टर फ्लश’मध्ये ॲट्रिब्यूटचा इतिहास अजून शाबूत असतो, तिथे बदल टिपून ठेवावा आणि प्रत्यक्ष मेल ‘आफ्टर कमिट’मध्ये पाठवावा. या दुसऱ्या टप्प्यावर सेशनमधून क्वेरी करता येत नाही, म्हणून मेलला लागणारी माहिती आधीच गोळा केलेली बरी. हे टप्पे असे वेगळे ठेवले आहेत, हीच मला या साधनाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

उणिवाही आहेत. जेसन कॉलममधील डिक्शनरीची एखादी किल्ली जागच्या जागी बदलली तर ‘म्यूटेबल डिक्ट’ जोडल्याशिवाय सेशनला त्याचा पत्ता लागत नाही, मग तो बदल साठवलाही जात नाही. शेकडो नोंदी एकाच अपडेट विधानाने बदलल्या तर ॲट्रिब्यूटचे इव्हेंट चालतच नाहीत. त्यामुळे प्रत्येक बदलाची नोंद कायद्याने किंवा हिशोबासाठी बंधनकारक असेल, तर ती जबाबदारी या इव्हेंटवर न सोपवता डेटाबेसमधल्याच ट्रिगरकडे (नोंद बदलताच डेटाबेस स्वतः चालवतो त्या कोडकडे) द्यावी.