घरात ऑक्टोपस: अकरा महिन्यांनंतर

आधी तारे देऊन टाकतो. प्राण्याला पाचपैकी पाच. तो घरात पाळायच्या कल्पनेला दोन, तेही आज मूड बरा आहे म्हणून.

आम्ही सॅन डिएगोत राहतो. गेल्या सप्टेंबरात थर्माकोलचा एक खोका घरी आला. आत ऑक्सिजन भरलेली पिशवी आणि पिशवीत द्राक्षाएवढ्या धडाचं एक पिल्लू. ही कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचीच जात, 'टू-स्पॉट'. पाळणारे तिला 'बायमॅक' म्हणतात. दोन्ही डोळ्यांच्या खाली एकेक निळी कडी असते, खोट्या डोळ्यासारखी. कडी बघून दचकू नका. ज्याच्या चाव्याने माणूस मरू शकतो तो निळ्या कड्यांचा ऑक्टोपस वेगळा, अंगभर कड्या असलेला, आणि तो कुणी विकायला काढला तर सरळ फोन ठेवून द्या. बायमॅकची अंडी मोठी असतात आणि पिल्लं जन्मल्यापासून तळाशी सरपटायला लागतात, इतर कित्येक जातींसारखी पाण्यात तरंगत राहत नाहीत. म्हणून ती माणसाच्या हाताखाली वाढवता येतात. समुद्रातून पकडलेला नको, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं होतं.

मुलीच्या रविवारच्या मराठी शाळेत तेव्हा नुकतेच आंग्रे शिकवून झाले होते. त्यामुळे नाव कान्होजी.

टाकीबद्दल थोडक्यात. 75 गॅलन, म्हणजे सुमारे 284 लिटर, स्टँडसकट जुनी घेतली. पाणी भरून, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) टाकून तीन महिने ती तशीच चालवली. अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे टाकीतल्या घाणीतून होणारी विषं, दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकले, तेव्हा पिल्लू मागवलं. "रिकाम्या पाण्याला दिवा लावून बसलायस," हे मी तीन महिने ऐकलं. इथल्या नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरामाइन असतं, त्यामुळे आरओ-डीआय फिल्टर लावूनच मीठ कालवायचं. तांबं तर पाण्यात नावालाही नको. ऑक्टोपसचं रक्त तांब्यामुळेच निळं असतं, पण पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला विष आहे. माशांच्या कित्येक औषधांत ते असतं, म्हणून जुनी टाकी घेताना आधीच्या मालकाने आत काय काय ओतलं होतं ते खोदून विचारा. प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र) लागेल त्यापेक्षा मोठा घ्या, हा प्राणी खातो कमी आणि सांडतो फार. पाणी मी 18-19 अंशांवर ठेवतो, त्यासाठी पाणी थंड करणारा चिलर. पिल्लाची किंमत, कुरिअर धरूनसुद्धा, स्किमरपेक्षा कमी होती. विजेचं बिल बायकोने फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलंय.

पुण्या-मुंबईच्या मित्रांनी विचारलं म्हणून सांगतो: एप्रिल-मेमध्ये हे करायचं तर चिलरला इन्व्हर्टरचा आधार हवा. दुपारी लाइट गेली आणि तुम्ही ऑफिसात असलात तर संध्याकाळी काय दिसेल ते मला लिहवत नाही.

झाकणावर मात्र थांबून बोलायला हवं, कारण तिथे माझी अक्कल उघडी पडली. या प्राण्याच्या अंगात कठीण म्हणावी अशी वस्तू एकच, पोपटासारखी चोच. चोच जिथून गेली तिथून अख्खा देह जातो. हे वाचलेलं होतं. न्यूझीलंडमध्ये नेपियरच्या मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस निचऱ्याच्या पाइपातून समुद्रात पळाला, ती 2016 मधली बातमीही पाठ होती. तरी पंपाची वायर आत सोडायला झाकणाच्या कोपऱ्यात मी दोन बोटं जातील एवढी फट ठेवली. तिसऱ्या आठवड्यात पहाटे पाणी प्यायला उठलो तर स्टँडमागच्या पायपुसण्यावर काहीतरी राखाडी, धूळ माखलेलं पडलं होतं. मोजा असेल म्हणून पायाने सारणार होतो. मोज्याने एक हात वर केला.

ओल्या हातांनी उचलून टाकीत सोडला, तो दोन दिवस कपारीत पांढराफटक होऊन बसला आणि मग काहीच झालं नाही असा खेकडा मागायला आला. आता जाड अ‍ॅक्रिलिकचं झाकण आहे, चार क्लॅम्प आहेत, वायरीच्या भोकात स्पंज ठासलाय आणि काठाला आतून प्लॅस्टिकची हिरवळ चिकटवली आहे. त्या पात्यांवर हातांवरची चोषकं धरत नाहीत. मत्स्यालयांत हीच युक्ती वापरतात आणि ती चालते.

शाईचा प्रसंग एकदाच आला. मी काच घासताना घासणीचा चुंबक हातातून सुटला, आणि क्षणात पाणी कोकमाच्या आगळासारखं झालं. समुद्रात शाई वाहून जाते. टाकीत ती त्याच्याच कल्ल्यांत बसते. मिठाचं पाणी तयार असेल तेवढं बदला, पाणी गाळायचा कोळसा (कार्बन) टाका. भरलेला एक पिंप कायम बाजूला हवाच.

इथपर्यंतचं सगळं पैसा आणि शिस्त असली की जमतं. खरी अडचण मला कुणी नीट सांगितली नव्हती: याला जेवण देणं सोपं, काम देणं अवघड.

साधारण चौथ्या महिन्यापासून कान्होजीला कंटाळा यायला लागला. बायमॅक बराचसा दिवसा जागा असतो, म्हणजे मी घरून काम करत असताना तो माझ्याकडे बघत असे. काचेला चिकटून, एक आडवी चिरेची बाहुली माझ्यावर रोखून. लक्ष दिलं नाही की थर्मामीटर उपटायचा. मग वाळू उपसून पंपाच्या तोंडाशी. एकदा मीटिंगमध्ये मी बोलत असताना फळीवरून दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि वरिष्ठांनी विचारलं, घरात काम काढलंय का?

म्हणून बरणी. लोणच्याची रिकामी, घासून-धुऊन उन्हात वाळवलेली, आत जिवंत खेकडा. पहिल्यांदा झाकण नुसतं ठेवलं, मग अर्धा आटा, मग घट्ट. पहिली घट्ट बरणी उघडायला त्याला पाऊण तास लागला, दहाव्या वेळी दोन मिनिटं. आणि दोन मिनिटांवर आली की बरणी संपली! मग लेगोच्या विटांचा डबा, मग एकात एक दोन डबे, मग नारळाच्या करवंटीला दोऱ्याची गाठ. मुलगी रात्री झोपताना उद्याचं 'कोडं' सांगायची आणि मी सकाळी चहाआधी ते बांधायचो. गृहपाठ नक्की कुणाला लागला होता, देव जाणे.

रोलंड अँडरसन आणि जेनिफर मेदर यांनी सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातलं एक निरीक्षण 1999 मध्ये छापलं होतं. आठ ऑक्टोपसांना औषधाची रिकामी तरंगती बाटली दिली. त्यातल्या दोघांनी अंगातल्या नळीतून पाण्याचा फवारा मारून ती प्रवाहात लोटली, ती फिरून आली, त्यांनी पुन्हा लोटली, चेंडू भिंतीवर टप्पे घ्यावा तशी. मी दिली तर कान्होजीने बाटली बुडवली, कपारीत नेली आणि दाराला उभी करून ठेवली. खेळ नव्हे, कोकणी माणसाची कुंपणाची हौस.

हात धरायची सवय मात्र लवकर लागली. झाकण उघडून बोट पाण्यात धरलं की एक हात यायचा, आधी टोक, मग छोटी चोषकं एकेक करून बसत वर सरकायची. थंड, ओलसर, आणि सोडवून घेताना टक-टक-टक असा बारीक आवाज. त्या चोषकांना चव कळते. साबणाने धुतलेला हात दिला तर तो झटकायचा. फोडणी करून आलो की जरा जास्तच रेंगाळायचा, असं मला वाटतं. बायको म्हणते, तुला वाटतं.

रत्नागिरीहून आई व्हिडिओ कॉलवर बघायची. तिच्या लेखी माकूल, माकली, ऑक्टोपस सगळं एकच. "अरे, माकूल कुणी पाळतं का? आणि रोज खेकडे घालतोस त्याला? माणसांना मिळत नाहीत!" खेकड्यांचा मुद्दा बरोबर होता. आठवड्याला दहा-बारा लागायचे, मधेमधे दुकानातली कच्ची कोळंबी आणि शिंपल्या. डिसेंबरात बायको-मुलगी भारतात जाऊन आल्या, मी टाकीपाशी. लाँग वीकेंडला एका मित्राला किल्ली देऊन गेलो. तो पक्का शाकाहारी. डोळे मिटून खेकडा सोडायचा आणि मला मेसेज करायचा: "झालं. पाप तुझ्या खात्यात."

आता ऑगस्ट. जुलैच्या शेवटी कान्होजी कपारीतून बाहेर यायचा बंद झाला. बॅटरी मारून पाहिलं, तर छताला तांदळाच्या दाण्यांसारख्या पांढुरक्या अंड्यांचे झुबके. नराचा उजवीकडचा तिसरा हात टोकाला वेगळा असतो, चोषकं शेवटपर्यंत नसतात. मी तो कधी धड पाहिलाच नव्हता. मुलगी म्हणाली, नाव बदलायचं नाही.

नर कधी आलाच नाही, त्यामुळे अंड्यांतून काही निघणार नाही. कान्होजीला ते ठाऊक नाही. ती चोषकांनी अंडी पुसते, नळीतून पाणी मारते, आणि खात नाही. अंडी घातल्यावर मादी अशीच झिजत जाते. 1977 मध्ये जेरोम वोडिन्स्की या संशोधकाने दुसऱ्या एका जातीच्या माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढल्या, तर त्या अंडी सोडून पुन्हा खायला लागल्या आणि जास्त जगल्या. म्हणजे ही झीज आतूनच ठरलेली असते. बायमॅक जगतो एक ते दोन वर्षं, हे घेतानाच माहीत होतं. फक्त मुलीला मी 'दोन' हा आकडा सांगितला होता.

ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी हिशेब असा करावा: तीन महिने पाण्याचे, सात-आठ महिने कोड्यांचे, आणि मग एक दिवस कोडं नको होतं. दुसरा आणणार का, असं दोघांनी विचारलंय. नाही. टाकी विकणार का, तर तेही इतक्यात नाही.

शेवटची बरणी मी तीन आठवड्यांपूर्वी सोडली, झाकण न लावता. तिने हातही लावला नाही. आतला खेकडा आपणच बाहेर आला, आणि आता दगडांमधून बिनधास्त फिरतो. सकाळी चहाआधी मी त्यालाच कोळंबीचा तुकडा टाकतो.