स्केलरचे आउटपुट: इनपुटला बांधलेले की स्वतंत्र?

सभागृहासाठी स्केलर, म्हणजे लॅपटॉप, कॅमेरा अशा वेगवेगळ्या इनपुटची चित्रे प्रोजेक्टरला हव्या त्या आकारात आणि गतीत आणून पाठवणारे यंत्र, निवडताना बहुतेकांचे लक्ष इनपुट किती आहेत याकडे असते. पण यंत्र रॅकमध्ये बसले की मेनूत आउटपुट सिंकचा पर्याय समोर येतो आणि खरा निर्णय तिथे घ्यावा लागतो. निवडलेल्या इनपुटच्या गतीला आउटपुट बांधायचे, म्हणजे फ्रेम लॉक, की ते यंत्राच्या स्वतःच्या घड्याळावर चालू द्यायचे, म्हणजे फ्री रन? मुंबईतल्या सभागृहांत मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत आणि दोन्हींच्या बाजूने सांगण्यासारखे आहे.

फ्रेम लॉकमध्ये एकही फ्रेम गळत नाही, दुहेरी दिसत नाही आणि चित्राला उशीर कमीत कमी होतो. गाण्याच्या कार्यक्रमात गायिकेचा चेहरा मागच्या मोठ्या पडद्यावर दाखवायचा असेल, तर हा फायदा लहान नाही. ५० हर्ट्‌झला म्हणजे सेकंदाला ५० फ्रेमच्या गतीला एक फ्रेम २० मिलिसेकंदांची असते. कॅमेरा, व्हिडिओ मिक्सर आणि प्रोजेक्टर आपापला उशीर घालतातच, त्यात स्केलरने एखाद-दुसऱ्या फ्रेमची भर घातली की द्रुत तानेत ओठ आणि आवाज यांची फारकत डोळ्याला जाणवू लागते. फ्री रनमध्ये ६० हर्ट्‌झच्या लॅपटॉपचे चित्र ५० वर आणताना सेकंदाला दहा फ्रेम टाकून द्याव्या लागतात, त्यामुळे आडवी सरकणारी अक्षरे गचके खातात. स्थिर स्लाइडला याने काहीच फरक पडत नाही.

माझा कल ज्या त्रासामुळे ठरला, तो दादरच्या एका सभागृहातल्या बक्षीस समारंभातला आहे. विद्यार्थ्याचे नाव ६० हर्ट्‌झच्या लॅपटॉपवरून आणि मंचावरचे दृश्य ५० हर्ट्‌झच्या कॅमेऱ्यावरून, अशी आलटून पालटून मांडणी होती आणि स्केलर फ्रेम लॉकवर होता. इनपुट बदलले की आउटपुटची गती बदले, प्रोजेक्टर सिग्नल सोडून नव्याने शोधू लागे आणि पडदा चार-पाच सेकंद काळा राही. चित्र परत येईपर्यंत प्रमाणपत्र हातात पडून मुलगी मंचाच्या पायऱ्या उतरू लागलेली असे, आणि पडद्यावरचा क्षण टिपण्यासाठी फोन उंचावून उभे असलेले तिचे पालक तो फोन तसाच खाली घेत. हे त्या सकाळी कितीतरी वेळा घडले. दुपारच्या सत्रापूर्वी मी आउटपुट फ्री रनवर, ५० हर्ट्‌झला स्थिर केले आणि काळा पडदा थांबला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने दिव्यांची लुकलुक टाळण्यासाठी कॅमेरे ५० वरच ठेवावे लागतात. म्हणून आउटपुटलाही मी तोच आकडा देतो.

रेझोल्यूशनबाबत मला फारशी शंका उरलेली नाही. स्वयंचलित पर्यायात स्केलर प्रोजेक्टरचा ईडीआयडी, म्हणजे प्रोजेक्टर स्वतःच्या क्षमतेची देतो ती माहिती, वाचून ठरवतो. पण प्रोजेक्टर उशिरा सुरू झाला किंवा लांब केबलवर ते वाचन फसले, तर तो भलत्याच आकड्यावर जाऊन बसू शकतो. प्रोजेक्टरचे पॅनेल १९२० बाय १२०० चे असेल तर आउटपुट तेवढेच हाताने ठरवून द्यावे. १९२० बाय १०८० देऊन प्रोजेक्टरला ते ताणायला लावले की चित्र दुसऱ्यांदा स्केल होते, आणि बारीक देवनागरी मजकुरात अनुस्वार व रफार सर्वांत आधी पुसट होतात.

एचडीसीपीमध्ये, म्हणजे चित्राची नक्कल रोखणाऱ्या संरक्षणामध्येही, असाच पेच आहे. इनपुटप्रमाणे हा पर्याय ठेवला की संरक्षित सेट-टॉप बॉक्सवरून असंरक्षित कॅमेऱ्यावर जाताना प्रोजेक्टरशी पुन्हा ओळखपरेड होऊ शकते आणि चित्र क्षणभर जाते. आउटपुटवर संरक्षण कायम चालू ठेवले की ती अडचण राहत नाही. अर्थात, त्या आउटपुटवर रेकॉर्डर जोडलेला असेल तर त्याला चित्र मिळणार नाही. माझे रेकॉर्डिंग मिक्सरच्या एसडीआयवरून, म्हणजे एचडीसीपी नसलेल्या व्यावसायिक व्हिडिओ जोडणीवरून, होत असल्याने मला ते चालते. मात्र वक्त्याच्या लॅपटॉपच्या इनपुटवर एचडीसीपीची परवानगी मी आवर्जून बंद ठेवतो, कारण समोरचे उपकरण एचडीसीपी स्वीकारते असे दिसले की मॅकबुक साध्या स्लाइडही संरक्षित करून पाठवते आणि त्या एसडीआयकडे जाऊ शकत नाहीत. परवानगी बंद असली की तोच लॅपटॉप साधा सिग्नल देतो. सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटवर मात्र ती चालूच हवी. तिथे संरक्षित चित्राचे रेकॉर्डिंग होऊ नये, हेच योग्य आहे.

आपल्या सभागृहात बहुतेक मैफलीच होत असतील आणि पडद्यावर कॅमेऱ्याखेरीज काही येत नसेल, तर फ्रेम लॉक कदाचित अधिक समाधान देईल. स्केलरला बाहेरचा ताल घेणारे रेफरन्स इनपुट असेल आणि कॅमेऱ्यांनाही तोच ब्लॅकबर्स्ट, म्हणजे सगळ्या उपकरणांना एका तालात ठेवणारा सिग्नल, देता येत असेल, तर फ्री रनमधला उशीर बराच आटोक्यात येतो आणि पडदाही काळा होत नाही, पण त्यासाठी कॅमेरे त्या तोलाचे हवेत. ती सोय नसताना सकाळी बक्षीस समारंभ आणि संध्याकाळी गाणे अशा सभागृहासाठी निवडायचे झाले, तर माझा हात फ्री रनकडेच जाईल. गायिकेच्या ओठांतला तो किंचित उशीर मागच्या रांगांतल्या कुणी माझ्याकडे अजून बोलून दाखवलेला नाही.